कपडा बाहेर असेपर्यंत

आमच्या गावात बघण्यासारखं काही नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगते. इथे लोक उतरतात ते बस बदलायला. एक बस डोंगराकडे जाते, एक बंदराकडे, आणि मधल्या चार-पाच तासांचं काय करायचं हे न कळून माणसं स्टँडसमोरच्या रस्त्यावर एकदा वर जातात, एकदा खाली येतात. दुसऱ्या फेरीला त्यांना आमची लाँड्री दिसते. आपले कपडे मळलेत हे त्यांच्या तेव्हाच लक्षात येतं.

लाँड्री मावशीची. मी तिच्या बहिणीची मुलगी. आई गेली तेव्हा सोळा वर्षांची होते, एक ट्रंक घेऊन इथे आले आणि इथेच राहिले. आता चाळीस पूर्ण झाली. लग्नाचं विचाराल तर दोन स्थळं आली होती. एकाच्या उशीचे अभ्रे मी दोन वर्षं धूत होते, त्यामुळे त्याला मीच नको म्हटलं. दुसऱ्याने मला नको म्हटलं. फिट्टंफाट.

मावशी बुटकी, रुंद आणि डावखुरी. कोपरापर्यंत हात कायम लाल, जणू कोणी रंगात बुडवून काढलेत. तिचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा दादा, तोही डावखुरा. इस्त्रीच्या लांब टेबलाशी माय-लेक समोरासमोर उभे राहायचे आणि मी मध्ये घुसले की माझं कोपर कोणाच्या तरी कोपराला लागायचं. मावशी म्हणायची, सगळ्या जगात सरळ आणि आमच्या घरात उलटी, अशी ही एकच पोरगी.

गावातला प्रत्येक माणूस तिला कॉलरीवरून ठाऊक होता. कोण घाबरून घामेजतो, कोण चोरून पितो, कोणत्या घरात नवरा-बायकोच्या उशा वेगवेगळ्या खोल्यांत असतात, सगळं. माणूस तोंडाने खोटं बोलतो, पण अभ्रा बोलत नाही, असं तिचं म्हणणं. एवढं माहीत असून तिने कधी कोणाची वाच्यता केली नाही. दुकानात बाई फडाफडा बोलायची, पण दुसऱ्याच्या मळाबद्दल तोंडाला कुलूप. मी तिची भाची असले तरी तो गुण माझ्यात उतरला नाही, हे तुम्हाला दिसतंच आहे.

आता खुणांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. भट्टीत शंभर घरांचे कपडे एकत्र उकळतात. कोणाचा शर्ट कोणाचा हे कळायला कॉलरीच्या आतल्या बाजूला खूण घालावी लागते. आमच्याकडे ती लाल दोऱ्याची. कोणाला दोन टाके, कोणाला फुली, कोणाला फुलीखाली एक रेघ. एका घराची एक खूण, आणि कोणती कोणाची ते एका जाड वहीत. हे गावातल्यांचं. बस बदलणाऱ्या वाटसरूंना लाल दोरा नाही. त्यांना पांढऱ्या दोऱ्याचा कच्चा टाका घालायचा आणि कपडा परत देताना खस्सकन ओढून काढायचा.

मावशीचा नियम एकच आणि तो दगडावरची रेघ: खूण असलेला कपडा बाहेर असेपर्यंत ती खूण दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. माणूस गेला तर घरचे त्याचे कपडे आणून द्यायचे. मावशी एकेका कपड्यातून लाल टाका उसवायची, दोऱ्याचे तुकडे चिमटीत धरून भट्टीच्या विस्तवात टाकायची आणि वहीत त्या खुणेसमोरचं नाव खोडायची. मग ती खूण मोकळी. कितीतरी बायका तिच्यासमोरच्या बाकावर बसून, टाका उसवताना पहिल्यांदा रडल्या. नवरा जाऊन पंधरा दिवस झालेले असायचे, आणि रडू यायचं ते तेव्हा.

दादाची खूण होती तीन उभे टाके आणि त्यांच्यावरून एक तिरका.

दादाचं लक्ष कधी कामात नव्हतं. पाठीवर पिशवी घेतलेला कोणी दुकानात आला की हा इस्त्री बाजूला ठेवून त्याला विचारायचा, पुढे काय आहे? त्या डोंगराच्या पलीकडे काय आहे? एकदा असाच कोणाशी तरी बोलत बसला आणि इस्त्री एका शर्टावर तशीच राहिली. तपकिरी तिकोन उमटला. मावशी चिडून म्हणाली, "जायचं तर जा एकदाचा." आपण सगळेच म्हणतो असं. मीही त्याला दिवसातून दोनदा म्हणायचे. तो बावीस वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या बसने तो गेला. जाताना मावशी भट्टीशी होती. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. खांद्याला पिशवी अडकवून तो दारात आला आणि मला म्हणाला, "दोर भरलाय. वाळलं की काढ." मला वाटलं, स्टँडवर चालला असेल कोणाला सोडायला. मी मान वर करूनही बघितलं नाही. तोंडात चिमटे होते.

त्यानंतर त्याचं पत्र नाही, निरोप नाही, कोणी पाहिल्याचं कोणी सांगितलं नाही. काका, म्हणजे मावशीचे यजमान, आधीच वारले होते. पोलिसांत सांगून झालं, दोन्ही बाजूंच्या शेवटच्या स्टँडपर्यंत माणूस पाठवून झाला. मग काय उरलं? उरला त्याचा खण. भिंतीवर गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे लाकडी खण आहेत, त्यात खालून दुसऱ्या रांगेत शेवटचा. त्यात त्याचे मागे राहिलेले चार शर्ट होते. मावशी ते दर महिन्याला काढायची, धुवायची, इस्त्री करायची आणि परत ठेवायची. न घातलेले कपडे धुवायला जो वेळ लागतो तेवढाच घातलेल्यांना लागतो, हे मी तिला एकदा सुनावलं. ती म्हणाली, हो, लागतो.

तिच्यासमोरची टेबलाची बाजू तिने रिकामी ठेवली. मी तिथे उभी राहिले की ती काही बोलायची नाही, पण मलाच तिथे उभं राहवायचं नाही. पाठीमागे कोणीतरी माझ्या हलण्याची वाट बघत उभं आहे असं वाटायचं. मी भुताखेतांना मानत नाही. मेलेल्या माणसाचं भूत असतं म्हणतात. पण जो मेलाय की जिवंत आहे तेच माहीत नाही, त्याचं काय असतं, ते कोणी सांगत नाही. ते आमच्याकडे होतं.

इथे मला माझं सांगायला हवं. दादा जाऊन चार वर्षं झाली होती. शाळा उघडायचा आठवडा, गणवेशांचे ढीग, मावशी तापाने अंथरुणावर आणि मी एकटी. एक बारीकसा, मिशीवाला वाटसरू आला. त्याचं निळं जाडं जाकीट. एक बटण तुटलं होतं ते मी आमच्या डब्यातलं तपकिरी लावून दिलं. मग कॉलर उलटी केली आणि सुईत ओवलेला होता लाल दोरा. पांढरा शोधायला उठायला हवं होतं. समोर दादाचा खण होता. त्यात ते चार शर्ट, परीटघडीचे, आरामात बसलेले. आणि मी सकाळपासून उभी. मला असा संताप आला. जो निघून गेला त्याच्या शर्टांना महिन्याला इस्त्री, जी राहिली तिला पाठ टेकायला वेळ नाही. मी त्या परक्या माणसाच्या जाकिटात तीन उभे टाके घातले आणि वर एक तिरका ओढला. मुद्दाम. नीट, घट्ट, लाल. संध्याकाळी तो जाकीट घालून निघून गेला.

पाच मिनिटांत राग उतरला आणि भीती वाटली. पण बस सुटली होती. कानाला खडा लावला आणि गप्प बसले. खाई त्याला खवखवे म्हणतात; मला सात वर्षं खवखवत होतं.

तर दादा जाऊन अकरा वर्षं झाली तेव्हा मागच्या अंगणाची भिंत रस्त्याकडे झुकली. पालिकेचं पत्र आलं. भिंत पाडून नवी बांधा, आणि कागदावर दोन्ही मालकांच्या सह्या करा. घर मावशीच्या आणि दादाच्या नावावर. पालिकेचे कारकून, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, स्वतः आले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, मुलाची सही मिळत नसेल तर तो हयात नाही असं लिहून द्या, एवढी वर्षं झाली की चालतं.

आधी दोनदा मावशीने त्यांना परत पाठवलं होतं. "दोन शर्ट बाहेर आहेत," असं तिने त्यांना सांगितलं होतं. एक अंगावरचा, एक पिशवीतला. भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. पण या वेळी तिने बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाली, चांगला कपडा रोज घातला तरी दहा वर्षं जातो, त्याच्यापुढे नाही. विरले असतील आता. या गुरुवारी तीन वाजता, देते सही.

बुधवारी तिने दादाचे चारही शर्ट शेवटचे म्हणून धुतले. उसवायची बारीक कात्री काढून खणात त्यांच्यावर ठेवली. मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू. आणि रात्रभर झोप आली नाही, तेही खरं.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता ती मुलगी आली. पंचविशीची, नाकाचा शेंडा उन्हाने सोललेला, पाठीवर तिच्याहून उंच पिशवी. मी मनात तिचं नाव गोगलगाय ठेवलं. आपली भाषा मोडकीतोडकी बोलत होती, पण चुकायला लाजत नव्हती. डोंगराकडची बस चुकली होती, पुढची साडेचारला. तोवर सगळे कपडे धुऊन मिळतील का? सगळे म्हणजे सगळेच. मी तिला माझा एक झगा दिला. त्यात ती दोनदा मावली असती. तो घालून ती बाकावर बसली, चहात पाव बुडवून खात, आणि तिने पिशवी टेबलावर उपडी केली.

सगळ्यात खाली निळं जाकीट होतं. रंग उडालेला, बाह्या दोनदा दुमडलेल्या. चार बटणांतलं एक तपकिरी.

सवयीने कॉलर उलटी केली, खूण दिसली, आणि मी ती लगेच मिटली. पुढे काही बघितलंच नाही. जाकीट ढिगाच्या तळाशी दाबलं आणि वर चादरी टाकल्या. म्हटलं, हे मी एकटी धुते, मागच्या मागे वाळवते, साडेचारला गोगलगाय जाईल आणि तीनला सही झालेली असेल.

पण मावशी ढिगाला हात लावल्याशिवाय भट्टीत काही जाऊ द्यायची नाही. तिची पद्धत होती. डोळे दुसरीकडे, तोंड चालू, आणि अंगठा प्रत्येक कॉलरीखालून फिरायचा. बोलता बोलता ती थांबली. जाकीट बाहेर ओढलं, दारातल्या उजेडात नेलं. आमच्याकडे पाठ करून बराच वेळ उभी राहिली. मग येऊन बाकावर त्या मुलीशेजारी बसली. मी तिला गिऱ्हाइकाशेजारी बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"हे जाकीट तुझं?" तिने विचारलं.

"आता माझं," मुलगी म्हणाली.

मग तिने जे सांगितलं ते एवढंच. बंदराच्या गावी प्रवाशांची स्वस्तातली धर्मशाळेसारखी जागा आहे. तिथे जिन्याखाली एक लाकडी पेटी आहे. ज्याला नको त्याने टाकावं, ज्याला हवं त्याने घ्यावं. मागच्या महिन्यात तिला थंडी वाजत होती, पेटीत हे मिळालं. कोणी टाकलं, कधी टाकलं, ठाऊक नाही. खिशात काही नव्हतं.

मावशीने विचारलं, कोंबलेलं होतं की घडी घातलेलं? मुलीने आठवलं. मग उठली आणि टेबलावर जाकीट पसरून दाखवलं. बाह्या मागे, कडा आत, खालून दोन दुमडी, कॉलर वर उभी. बाकी सगळं पेटीत बोळे करून टाकलेलं होतं, म्हणून हे तिच्या नजरेत भरलं होतं. मी म्हटलं, अशी घडी कोणीही घालतं. मावशीने जाकीट घेतलं आणि भट्टीत न टाकता कोमट पाण्यात, वेगळ्या घमेल्यात, हाताने धुतलं.

त्या दिवसाइतका लांब दिवस मी काढलेला नाही. गोगलगाय मधूनमधून अंगणात जाऊन आपले मोजे वाळले का बघत होती. मी इस्त्री फिरवत होते आणि मनात वाक्यं जुळवत होते. मावशी, ते जाकीट एका मिशीवाल्याचं आहे. मावशी, मी एकदा एक चूक केली. प्रत्येक वाक्य इस्त्रीखाली सपाट व्हायचं. सांगावं तर तिची अकरा वर्षांनी पेटलेली वात मी फुंकणार. न सांगावं तर मी घातलेल्या चार टाक्यांवर ती उरलेला जन्म काढणार.

तीनला भाऊसाहेब आले. कागद सकाळपासून टेबलाच्या कोपऱ्यावर होता, उडू नये म्हणून वर जुनी इस्त्री. मावशीने इस्त्री उचलली, कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, सही होणार नाही, कपडा बाहेर आहे. त्यांनी भिंतीचं काय विचारलं. ती म्हणाली, टेकू लावते. भाऊसाहेब गेले. त्यांनी जाताना कपाळाला हात लावला नाही, एवढी त्यांची सभ्यता.

साडेतीनला तिने कपाटावरून काकांची जुनी हातपिशवी काढली. आत एक लुगडं, टॉवेल, कंगवा. तीस वर्षांत ही बाई गावाबाहेर गेली नव्हती. गुडघे असे की जिना एका वेळी एक पायरी चढायची. मी विचारलं, कुठे? म्हणाली, पाचची बंदराची बस. मग ती खणाकडे गेली, कात्री बाजूला ठेवली आणि चारही शर्ट काढून पिशवीत ठेवायला लागली.

आता गप्प बसणं म्हणजे पाप होतं. मी तिच्या समोर, टेबलाच्या त्या रिकाम्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"मावशी, जाऊ नकोस. ती खूण मी घातली आहे. दादाच्या नाही, एका परक्या माणसाच्या जाकिटात. तुला ताप होता तेव्हा."

तिचा हात थांबला नाही. तिने दुसरा शर्ट ठेवला, तिसरा ठेवला.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुझा टाका मला कळत नाही होय? मीच शिकवलाय. तू दोरा ओढतेस, कापडाला चुणी पडते. अंगठा लावला तेव्हाच कळलं."

"मग कशाला निघालीस?"

तिने भट्टीच्या कडेला वाळत घातलेलं जाकीट आणलं, खिडकीशी कॉलर उलटी करून धरली आणि म्हणाली, "तिरका बघ."

मी बघितलं. तीन उभे टाके माझे होते, लालाचे विटकरी झालेले. तिरका टाका काळ्या दोऱ्याचा होता. माझा तिरका उजवीकडे झुकतो. त्याची जुनी भोकं कापडात अजून दिसत होती, रिकामी. काळा टाका डावीकडे झुकलेला होता.

"लाँड्रीची खूण तुटली तर कोणी शिवतं का गं?" मावशी म्हणाली. "माणसं नखाने उसकटून काढतात. टोचते म्हणून."

पुढे मला पुष्कळ सुचलं. जगात डावखुरी माणसं कमी नाहीत. कोणाला ती नक्षी वाटली असेल. मिशीवालाच डावखुरा असेल, मी त्याच्या हाताकडे कुठे बघितलं होतं? हे सगळं मी स्वतःला अजूनही सांगते. पण त्या क्षणी मला दिसला तो दादा, कुठल्यातरी परक्या जिन्याखाली उकिडवा बसलेला, कोणाच्यातरी टाकलेल्या जाकिटाची कॉलर सवयीने उलटी करणारा, आणि तिथे आपलं घर सापडल्यावर तसाच बसून राहिलेला.

मी रडत होते. मावशी नव्हती रडत. तिने चौथा शर्ट ठेवला, पिशवीचा बंद ओढला आणि म्हणाली, "माझ्या पोराची खूण तू वाटेवरच्या माणसाला दिलीस. आणि दिली नसतीस तर त्याला ती सापडली कुठे असती? तुला बडवायचं की तुझ्या पाया पडायचं, मला कळत नाहीये. आल्यावर बघू."

साडेचारला गोगलगाय आपली पिशवी चढवून निघाली. मी मावशीला हळूच म्हटलं, जाकीट मागून घे, देईल ती. मावशीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी गल्ला फोडायला सांगितलं. गिऱ्हाइकाचा कपडा आहे, म्हणाली. तिने ते स्वतः मुलीच्या अंगावर चढवलं. कॉलर अजून दमट होती. मानेवर बसवताना तिचा अंगठा आतून एकदा फिरला, मग तिने हात काढून घेतला. मुलीला यातलं काही कळलं नाही. तिने खिडकीतून हात हलवला आणि बस वळली. तिचं आमच्या गावातलं सगळं वास्तव्य साडेसात तासांचं.

अर्ध्या तासाने मावशी गेली.

ती नव्हती ते पाच दिवस मी इस्त्रीच्या टेबलाशी एकटी होते. खण पहिल्यांदाच रिकामा होता. मला वाटलं होतं त्या रिकामेपणाची भीती वाटेल. पण भीती वेगळीच वाटली. पाठीमागे उभं राहून वाट बघणारं जे कोणी होतं ते आता नव्हतं. तेही बंदराला गेलं होतं.

सहाव्या दिवशी ती उतरली, एकेक पायरी. पिशवी रिकामी. मी चहा ठेवला आणि विचारलं, काही पत्ता लागला? नाही, ती म्हणाली. ती जागा सापडली. तिथली माणसं दर सहा महिन्यांनी बदलतात, कोणाला काही आठवत नव्हतं. ती तीन दिवस जिन्याखाली पेटीशेजारी स्टुलावर बसली. पोरं येत-जात होती, तिला आजी म्हणत होती. एकाने तिला केळं दिलं. चौथ्या दिवशी तिने चारही शर्ट पेटीत ठेवले, घडी मोडू न देता, आणि आली.

"खळ कमी घातली होती," ती म्हणाली. "खळीने कापड तडकतं. दहा वर्षं जातील."

तेव्हा मला समजलं तिने काय केलं होतं. दोन शर्ट विरून गेले होते, म्हणून तिने चार नवे बाहेर सोडले होते. आता दहा वर्षं कोणी तिला ती खूण मोडायला सांगू शकत नव्हतं. तिचा स्वतःचाच नियम होता आणि तिने तो पाळला होता.

मला तिने बडवलं नाही आणि पायाही पडली नाही. फक्त त्यानंतर वाटसरूंचे कपडे ढिगात पडले की ती माझ्याकडे सरकवायची, आणि मीही डोळे दुसरीकडे ठेवून अंगठा फिरवायला शिकले. तीन वर्षांनी ती गेली, दुपारी, भट्टीशेजारच्या खाटेवर, हात पुसायचा टॉवेल मांडीवर. तिचे कपडे मी उसवले. तिची खूण अगदी साधी होती, एकच टाका. लाँड्री सुरू झाली तेव्हाची पहिली खूण. तो एकेक टाका काढताना त्या बाकावरच्या बायका मला आठवल्या.

मावशी बंदराला जाऊन आली त्याला आता नऊ वर्षं झाली. एकदाही दादाची खूण अंगठ्याखाली आली नाही. भिंत टेकूवर आहे. भाऊसाहेब निवृत्त झाले, त्यांच्या जागी आलेली बाई हुशार आहे आणि तिला कागद पुरा करायची घाई आहे. वारस म्हणून आता लिहून द्यायचं मीच. दादा हयात नाही, एवढी एक ओळ. मी तिला म्हटलं, पुढच्या वर्षी या. ती म्हणाली, पुढच्या वर्षी असं काय होणार आहे? मी म्हटलं, कपडा विरायला तेवढा वेळ लागतो. तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. मी वेडी आहे असंच लिहिलं असणार. मावशीबद्दल मीही तेच म्हणायचे.

मागच्या सोमवारी मी दुकान अर्धा तास बंद ठेवलं आणि कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांकडे गेले. ते आता खूप थकलेत, पण दादाचे शाळेपासूनचे सगळे कपडे त्यांनीच शिवलेले. मी जाडसर पांढरं कापड पुढे ठेवलं आणि चार शर्ट शिवायला सांगितले. कोणाच्या मापाचे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दादाच्या.

त्यांनी गळ्यातली टेप काढली, जुनी मापांची वही उघडली, पान शोधलं. मग चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघितलं.

"तेव्हाच्या की आताच्या?"

आता तो बेचाळीस वर्षांचा असेल. मी थोडा विचार केला आणि म्हटलं, पोटाशी जरा सैल ठेवा.